मिठाचा खडा

नववीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. वाक्प्रचारांचा दिवस होता, आणि त्या दिवशी मुलांपेक्षा शिक्षकाचीच परीक्षा अधिक होते, हे शिक्षकी पेशातल्या कोणालाही सांगायला नको. मी फळ्यावर एक वाक्य लिहिले. त्याचा शब्दशः अर्थ असा : ‘त्याने तिची हकीकत चिमूटभर मिठासह घेतली.’ या वाक्याचा खरा अर्थ काय, असे मी विचारले. शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी चटकन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, त्याने तिची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली!”

वर्ग हसला. मीही हसलो. मग तिला खाली बसवून मी खरा अर्थ सांगितला : कोणी काही सांगितले, तर ते ऐकून घ्यायचे, पण सोळा आणे खरे मानायचे नाही, मनात थोडी शंका राखून घ्यायचे. मुलांनी वह्यांत लिहून घेतले आणि घंटा झाली.

परंतु घरी येताना त्या मुलीची चूक माझ्या मनातून जाईना. चूक होती खरी. पण मोठी शहाणी चूक होती. इंग्रजांचे मीठ ऐकणाऱ्याच्या हातात असते आणि आपले मीठ सांगणाऱ्याच्या, हे इतकी वर्षे हा वाक्प्रचार शिकवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. तिकडे ऐकणारा सावध होतो. इकडे सांगणारा चव वाढवतो. मीठ तेच, पण टाकणारा हात वेगळा.

मी काही भाषापंडित नव्हे. शाळेपलीकडे माझे फारसे शिक्षण झालेले नाही. ते का झाले नाही, हे पुढे येईलच. लॅटिनचा मला गंध नाही. पण शब्दाच्या घरी जाऊन त्याच्या वाडवडिलांची चौकशी करायची खोड मला जुनी आहे. या वाक्प्रचाराचे घर शोधत गेले, की आपण इंग्लंडमध्ये थांबत नाही; थेट रोमला पोचतो.

रोममध्ये प्लिनी नावाचा एक जिज्ञासू गृहस्थ होऊन गेला. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यात तो मरण पावला. त्याने सृष्टीतल्या यच्चयावत गोष्टींविषयी सदतीस भागांचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्याच्या तेविसाव्या भागात एका औषधाची कृती आहे. काळ्या समुद्राच्या काठी पाँटस नावाचे राज्य होते. तिथला राजा मिथ्रिडेटीस याने रोमशी तीन युद्धे केली. शत्रूपेक्षाही त्याला भय वाटे ते विषाचे. त्याचा पाडाव झाल्यावर रोमन सेनापती पाँपी याला राजाच्या खाजगी कागदांत त्याच्याच हातची एक टिपण सापडली, असे प्लिनी सांगतो. दोन सुके अक्रोड, दोन अंजीर आणि सतापीची वीस पाने एकत्र कुटायची आणि त्यात मिठाचा एक खडा घालायचा. हे औषध जो उपाशीपोटी घेईल, त्याला त्या दिवशी कोणतेही विष बाधणार नाही! सताप म्हणजे तीच, जी आपल्याकडे जुन्या घरांच्या परसात, तान्ह्या मुलांच्या औषधासाठी म्हणून लावलेली असे.

प्लिनीच्या त्या वाक्यात गूढ असे काही नाही. खडा म्हणजे खरोखरीचाच खडा. पुढे शतके लोटली आणि लोकांनी त्या खड्याला अर्थ चिकटवला : विष जसे मिठाच्या खड्यासह घेतलेल्या औषधाने बाधत नाही, तसे खोटे बोलणेही थोड्या शंकेसह घेतले तर बाधत नाही. इंग्रजीत हा प्रयोग सतराव्या शतकात रूढ झालेला दिसतो. १६४७ मधल्या बायबलवरच्या एका भाष्यात तो आहे. तेव्हा मिठाचा ‘कण’ होता. त्याची ‘चिमूट’ झाली ती फार अलीकडे, विसाव्या शतकात. म्हणजे शंकेचे प्रमाण काळाबरोबर वाढतच गेले म्हणायचे!

यातली खरी मौज पुढेच आहे. ज्या प्लिनीने जगाला हा मिठाचा खडा दिला, त्याचा स्वतःचा ग्रंथ त्या खड्याशिवाय वाचताच येत नाही. आपल्या हिंदुस्थानाविषयी तो लिहितो, की इथल्या डोंगरांत कुत्र्याच्या तोंडाची माणसे राहतात आणि गंगेच्या उगमाजवळ तोंडच नसलेले लोक आहेत. ते फुलाफळांच्या वासावर जगतात. त्याने हे दुसऱ्यांकडून ऐकले आणि इमानाने उतरवून घेतले. मीठ दुसऱ्याच्या हातावर ठेवणे सोपे असते. आपल्या पानात वाढून घ्यायला मात्र आपण विसरतो.

आता नीट पाहिले, तर या वाक्प्रचारात नाकारणे नाही. त्यात घेणे आहे. माझे विद्यार्थी, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ मोठी माणसेही, त्याचा अर्थ ‘विश्वास न ठेवणे’ असा करतात. तो तसा नाही. ज्याच्यावर विश्वासच ठेवायचा नाही त्याला मीठ कशाला लागते? ते पान तर आपण बाजूलाच सारतो. जे खायचे ठरवले आहे, त्यातच मीठ पडते. तेव्हा स्वीकारही हवा आणि सावधपणाही हवा, असा हा अवघड तोल आहे. आपल्याकडची ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण याच्या जवळ येते. पण ती कृतीविषयी बोलते, श्रद्धेविषयी बोलत नाही. ऐकलेले मनात कसे ठेवावे, हे ती सांगत नाही.

आणि आपल्या भाषेत मिठाचे नाते शंकेशी नाहीच मुळी. ते विश्वासाशी आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले, त्याच्याशी दगा करायचा नाही. मग एकाच मिठाने एका भाषेत विश्वास ठेवायला सांगावे आणि दुसरीत शंका घ्यायला, हे कसे? बरे, आपल्याकडे मिठाचा खडा आणखी एका ठिकाणी पडतो : दुधात. आणि तिथे तो पडला की सगळे दूध नासते. तोच खडा अक्रोड-अंजिरात पडला तर विष उतरते आणि दुधात पडला तर दूध नासते. तेव्हा प्रश्न मिठाचा नाही. समोर विष आहे की दूध, हे आधी ओळखायचे कसे, हा प्रश्न आहे. माझ्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा आला. दोन्ही वेळा उत्तर चुकले. एकदा वडिलांचे आणि एकदा माझे.

माझे वडील कारकून होते. निवृत्त झाले तेव्हा हातात जी काही रक्कम आली, ती त्यांनी जन्मात प्रथमच एवढी एकत्र पाहिली असेल. त्या सुमारास त्यांचे एक जुने स्नेही घरी येऊ लागले. दीड वर्षात दामदुप्पट करून देणारी एक योजना निघाली होती आणि हे स्नेही तिचे काम पाहत होते. आई स्वयंपाकघराच्या दारातून एवढेच म्हणाली, “एवढे पैसे कसे हो देतील ते? कुठून आणतील?” वडील हसले आणि म्हणाले, “अगं, माणसाच्या शब्दावर काही विश्वास ठेवायचा की नाही? एका ताटात जेवलोय आम्ही.”

एका ताटात जेवलोय! म्हणजे मीठ खाल्ले होते. वडिलांच्या हिशेबी तेवढे तारण पुरे होते.

दीड वर्ष पुरे व्हायच्या आत त्या कचेरीला कुलूप लागले. ते स्नेहीही बिचारे बुडाले. त्यांनी स्वतःचेही पैसे त्यातच घातले होते, हे पुष्कळ दिवसांनी कळले. ताईचे लग्न लांबणीवर पडले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. कॉलेजचा विषय घरात कोणी काढला नाही आणि मीही काढला नाही. एक दूरचे नातेवाईक ओसरीवर बसून म्हणाले, “अहो, विश्वास तर पानिपतातच गेला!” १७६१ साली पानिपतावर विश्वासराव पडले, त्यावर मराठी माणसाने केलेली ही कोटी मी शंभरदा ऐकली होती. त्या दिवशी तिच्यावर कोणी हसले नाही. वडील ओसरीच्या खांबाला टेकून अंगणाकडे पाहत राहिले. पैसे गेल्याचे दुःख त्यांना होतेच. पण आपण भाबडे ठरलो, ही गोष्ट त्यांना अधिक लागली होती.

त्या दिवशी मी मनाशी एक ठरवून टाकले. कोणाचाही शब्द मिठाशिवाय घ्यायचा नाही. माणूस एका जखमेतून जो धडा घेतो, तो बहुधा फाजील मोठा असतो.

पुढे मी शिक्षक झालो. माझी पहिली नोकरी खाडीकाठच्या एका गावी होती. गावाला मिठागरे होती. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने ते आटवायचे आणि मग दाताळ्याने मीठ ओढून त्याच्या राशी करायच्या, हे काम दिवाळी सरल्यावर सुरू होई, ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत चाले. वर्गातल्या निम्म्या मुलांची आईबापे तिथेच राबत.

त्यातला एक मुलगा रोज उशिरा येऊ लागला. गृहपाठ नाही, डोळे तांबारलेले. विचारले, की ठरलेले उत्तर : “सर, आईला बरं नाही.” आता शाळेत शिकवणाऱ्याला आजारी आया आणि वारलेल्या आज्या यांचे फार मोठे गणगोत असते. एकाच वर्षात तीनदा आजी गेलेला विद्यार्थीही मी पाहिला होता. दहाबारा दिवस मी हे ऐकून घेतले. मग एके दिवशी, योगायोगाने इंग्रजीचाच तास होता, मी वर्गाकडे वळून म्हणालो, “मुलांनो, ही हकीकत आपण चिमूटभर मिठासह घेऊ या. मिठाला काय तोटा? याच्या घरी राशीच आहेत!”

वर्ग खदखदून हसला. कोटी साधल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करायला मला आज लाज वाटते. पण झाला होता खरा. तो मुलगा हसला नाही आणि रडलाही नाही. जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. घर शाळेपासून फार लांब नव्हते. चालत अर्धा तास लागला.

आई खरोखरच अंथरुणाला खिळली होती. पोरगा चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. पहाटे उठून तो पाणी भरी, भाकऱ्या करी, आईला औषध देई, बापाची भाकरी मिठागरावर पोचवी आणि मग शाळेत येई. म्हणून उशीर. त्याचा बाप नुकताच कामावरून आला होता. पायांना भेगा पडलेल्या, त्यांत मीठ गेलेले. मला पाहून तो गडबडून उठला. घोंगडी अंथरली. आणि हात जोडून मला म्हणाला, “मास्तर, पोरानं काही खोटं सांगितलं का तुमाला? सांगा, मी बघतो त्याच्याकडं.”

त्या प्रश्नाने मी जसा खाली बसलो, तसा कशानेही बसलो नसतो. मी अजून काही बोललोही नव्हतो. मास्तर दारात आला, त्या अर्थी चूक पोराचीच असणार, असे त्याने धरले होते. मी त्याच्या मुलाचा खरा शब्द मिठाखाली पुरला होता. आणि तो माझा न बोललेला शब्दही मिठाच्या कणाशिवाय घ्यायला तयार होता.

“नाही,” मी म्हणालो, “तो खरंच बोलला. चूक माझी झाली.”

पुढे मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. मुले गप्प बसून ऐकत होती. त्याची आई हळूहळू बरी झाली, तोही शाळेत येऊ लागला, पासही झाला. पण एक गोष्ट पुन्हा जुळली नाही. त्यानंतर कधी उशीर झाला आणि मी कारण विचारले, तर तो एवढेच म्हणे, “उशीर झाला, सर.” कारण त्याने मला पुन्हा कधीही सांगितले नाही. मी शंका घेतली ती खोटे उघडकीला यावे म्हणून. उघडकीला काहीच आले नाही. फक्त एका मुलाचे खरे सांगणे थांबले.

तेव्हापासून मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहत आलो आहे. वडिलांनी मीठ घातले नाही आणि मी फार घातले. पहिल्याने वाटे, की या दोन उलट चुका आहेत. आता वाटते, की ती एकच चूक होती. वडिलांनी त्या योजनेची चौकशी केली नाही, कारण त्यांचा विश्वास होता. मी त्या मुलाच्या घरी गेलो नाही, कारण माझा विश्वास नव्हता. उठून पाहण्याचा कंटाळा आम्हा दोघांनीही केला. भाबडेपणा आणि संशय हे दोघे सख्खे भाऊ आहेत, दोघेही आळशी. एक म्हणतो, ‘सगळे खरेच असणार’. दुसरा म्हणतो, ‘सगळे खोटेच असणार’. आणि दोघेही घोंगडी पांघरून झोपतात. आईने दारातून विचारलेला प्रश्नच काय तो जागा होता : पैसे कुठून आणतील? तिने त्या स्नेह्याला खोटा म्हटले नव्हते. तिने फक्त विचारले होते.

शंका घेणे हा आपण हक्क समजतो. ती एक जबाबदारी आहे. शंका घेतली, की अर्धा तास चालत जायचे कर्ज आपल्या अंगावर येते. ते फेडायचे नसेल, तर शंका बोलून दाखवायचा अधिकार आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या घरी चालत जायचे म्हटले तर दिवस पुरायचा नाही. खरे आहे. म्हणून कुठे आधी जायचे, याचा काही धरबंध हवा. मी माझ्यापुरता एक ठरवला आहे. ज्याचे बोलणे मानल्याने बोलणाऱ्याच्या पदरात काही पडते आणि माझे काही जाते, तिथे खडा मोठा घ्यावा. आणि जो माझ्याहून दुबळा आहे, माझ्यापुढे उभा राहून बोलताना ज्याचा आवाज कापतो, त्याच्या शब्दाला आधी दूध समजावे. तो क्वचित फसवील. फसवू दे. त्या फसवणुकीत माझे दोन दिवसांचे गृहपाठ जातील. पण त्याला खोटा ठरवण्यात मी चुकलो, तर त्याचे जे जाईल ते मला परत देता येणार नाही. आपण व्यवहारात नेमके उलट करतो. मोठ्या माणसाचा, छापील कागदाचा, झगमगीत पाटीचा शब्द आपण बिनमिठाचा गिळतो आणि मोलकरणीने मूल आजारी आहे म्हटले, की मिठाची बरणी उघडतो.

मिथ्रिडेटीसच्या कृतीकडे पुन्हा पाहिले, तर दोन गोष्टी ध्यानात येतात. दोन अक्रोड, दोन अंजीर, वीस पाने, आणि मीठ किती, तर एक खडा. मीठ हे औषध नव्हते. औषधातला एक कण होते. आणि तो कण राजा स्वतःच्या तोंडात घालत असे. मी घातला तो दुसऱ्याच्या जखमेवर. शंका ही ऐकणाऱ्याने मुकाट्याने स्वतः गिळायची वस्तू आहे.

त्या राजाचा शेवटही सांगण्यासारखा आहे. जन्मभर विषाची भीती. म्हणून थोडे थोडे विष खाऊन शरीराला त्याची सवय लावलेली. संशयापायी त्याने आपल्या रक्ताच्या माणसांनाही ठार मारले. अखेर इ.स.पू. ६३ मध्ये त्याच्या पोटच्या मुलानेच, फार्नेसीसने, बंड पुकारले. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण बरे, म्हणून राजाने विष घेतले. पण जन्माच्या सवयीमुळे ते त्याला चढेना, आणि शेवटी एका सैनिकाच्या तलवारीने त्याला मरण मागून घ्यावे लागले, अशी कथा जुने इतिहासकार सांगतात. ही कथाही थोड्या मिठासह घ्यावी. पण तिच्यातले एक मला खरे वाटते. ज्याने सगळी विषे पचवली, त्याला शेवटी विश्वासाने हात धरावा असे एकही माणूस उरले नव्हते.

हल्ली मिठाचा प्रश्न पूर्वीपेक्षा बिकट झाला आहे. मोबाईलवर सकाळपासून रात्रीपर्यंत निरोप येतात. कोणी रोगावर औषध सांगतो, कोणी शेजारच्या जातीविषयी, धर्माविषयी काही पाठवतो. सांगणाऱ्याने तिखटमीठ आधीच लावलेले असते, आणि ते इतके चविष्ट असते, की ऐकणाऱ्याला आपले मीठ घालायची आठवणच होत नाही. त्या मुलीची चूक मला अशा वेळी आठवते. सांगणाऱ्याचे मीठ आणि ऐकणाऱ्याचे मीठ, ही दोन वेगळी आहेत, हे मी आता वर्गात मुद्दाम शिकवतो. निरोप पुढे धाडण्याआधी थांबून ‘हे कुठून आले?’ एवढे विचारले, तरी माझ्या आईचा प्रश्न विचारल्यासारखे होईल.

हे लिहीत असताना घरात चिवड्याची फोडणी झाली आहे. खोबरे, दाणे, कढीपत्ता यांचा वास माझ्या टेबलापर्यंत आला आहे. आत्ताच सौभाग्यवती बशीत चार घास घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “अहो, जरा चाखून बघा, मीठ बरोबर पडलंय का?”

मी न चाखताच म्हणालो, “तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार.”

“तसं नको,” त्या म्हणाल्या, “चाखा आणि सांगा. कमी असेल तर वरून घालता येईल. जास्त झालं तर काढता येत नाही.”

मी लेखणी खाली ठेवली आणि चिवडा चाखला. मीठ किंचित कमी होते.

“थोडं चालेल अजून,” मी म्हणालो. “पण थोडंच.”